मॉल्टची पोती आणि हवाबंद डबे: बादली, ड्रम की कोठी?

तळघर_१९ (न्यू जर्सी)

घरी बिअर करणाऱ्या आणि मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) घाऊक घेणाऱ्या मंडळींचे सल्ले हवे आहेत. माल असा: २५ किलोची दोन पोती, एक पिल्सनर मॉल्टचं आणि एक पेल एल मॉल्टचं. शिवाय क्रिस्टल ६० मॉल्ट दोन किलो, म्युनिक मॉल्ट दोन किलो, भाजकी बार्ली अर्धा किलो, ओटचे पोहे एक किलो. महिन्याला २० लिटर बिअरचा एक घाणा, त्याला साधारण ५ किलो मॉल्ट लागतं. म्हणजे हा साठा दहा-अकरा महिने टिकायला हवा.

जागा तळघराची. हिवाळ्यात कोरडी, पण जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाते.

प्रश्न: बादल्या घ्याव्यात, मोठा ड्रम घ्यावा, की कुत्र्यांच्या खाद्याचे डबे? 'फूड ग्रेड' कसं ओळखायचं? ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात का? आणि दुकानातून भरडून आणावं की अख्खं?

---

कोठीघर (ओरेगन)

डबा नेमका कशापासून वाचवण्यासाठी हवाय, ते आधी ठरवा, म्हणजे निवड सोपी होते. बहुतेक जण किडीचं नाव घेतात. मॉल्टच्या बाबतीत पहिला शत्रू सादळ आहे, कीड त्यानंतर.

खळ्यावरून आलेल्या गहू-ज्वारीत चांगलं वाळवल्यावरही ११-१२ टक्के पाणी असतं. मॉल्ट भट्टीत वाळवून ४-५ टक्क्यांवर आणलेलं असतं. त्यामुळे ते कोठीतल्या गव्हासारखं वागत नाही, भाजलेल्या चिवड्यासारखं वागतं: उघडं राहिलं की हवेतला ओलावा ओढत बसतं. ६ टक्के ओलांडले की मॉल्ट नरम पडायला लागतं. मग तीन गोष्टी होतात. एक, तुम्ही ५ किलो मोजता त्यात पाणी जास्त आणि साखर देणारा गर कमी, म्हणून वर्टची (मॉल्टच्या गोड काढ्याची) घनता दोन-तीन अंकांनी खाली येते आणि कारण सापडत नाही. दोन, गिरणीच्या रोलरमध्ये दाणा कडकन फुटायच्या ऐवजी चेपला जातो. तीन, चव बोथट होते, शिळ्या बिस्किटासारखी.

आता डब्याकडे. आधी मापाचा हिशेब करा. अख्ख्या बार्ली मॉल्टचं एक लिटर साधारण ५५० ग्रॅम भरतं. तुमच्या मालाचं माप वेगळं असू शकतं, तेव्हा एक लिटरचं मापटं काठोकाठ भरून काट्यावर ठेवा. या हिशेबाने २५ किलोला ४५ लिटर जागा लागते. पाच गॅलनची बादली म्हणजे १९ लिटर, तिच्यात साडेदहा किलो मावतं. दोन बादल्या भरून पोत्यात चार किलो उरतं, आणि हे उरलेलं चार किलोच पोत्याचं तोंड मुडपून कोपऱ्यात पडून राहतं आणि सादळतं. म्हणून एका पोत्याला पाच गॅलनच्या तीन बादल्या, नाहीतर साडेसहा-सात गॅलनच्या दोन. या सगळ्या बादल्यांच्या तोंडाचा व्यास साधारण १२ इंच असतो, म्हणजे झाकणं एकमेकांना चालतात.

झाकण मात्र साधं घेऊ नका. दाबून बसवायचं साधं झाकण पहिल्यांदा घट्ट बसतं. ते उपटायला दरवेळी हत्यार लागतं, कडेची प्लास्टिकची पाकळी फाटते, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला ते नुसतं टेकलेलं असतं. दर महिन्याला उघडायच्या बादलीला आट्याचं झाकण हवं, गामा सील नावाने मिळतं ते. त्याचे दोन भाग असतात: बादलीच्या काठावर कायमची ठोकून बसवायची रिंग, आणि तिच्यात फिरवून बसणारा मधला भाग. दोन्हींना रबरी गॅस्केट असतं.

रिंग बसवताना बादली कडक फरशीवर ठेवा, रिंग काठावर सारखी टेकवा आणि रबरी हातोड्याने समोरासमोरच्या बिंदूंवर ठोका: बारा-सहा, तीन-नऊ, मग मधल्या जागा. एकाच बाजूने ठोकत गेलात तर समोरची बाजू उचलली जाते. नीट बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ टकटकीच्या जागी भरीव ठप्प येतो. सगळीकडे तोच आवाज येईपर्यंत थांबू नका.

फूड ग्रेडविषयी: तळाच्या त्रिकोणात २ आकडा असला की ते एचडीपीई प्लास्टिक एवढंच कळतं. रंगाच्या बादलीवरही हाच २ असतो. विकणाऱ्याने 'खाद्यपदार्थांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं असावं, किंवा युरोपात पेला आणि काट्याचं चिन्ह असतं ते पाहावं.

भरडणं: अख्खंच आणा. सालीचं कवच शाबूत असलेलं मॉल्ट थंड, कोरड्या जागी वर्षभर सहज राहतं. भरडलेलं दोन-चार आठवड्यांत वापरून टाकावं. शिवाय भरडल्यावर तेच मॉल्ट साधारण सव्वापट जागा घेतं.

---

रानबार्ली (मँचेस्टर)

कोठीघर यांना अनुमोदन. इकडे बादल्यांपेक्षा निळे ड्रम सोपे पडतात, म्हणून त्यांची भर घालते. उघड्या तोंडाचा ६० लिटरचा एचडीपीई ड्रम, वर झाकण आणि त्याला आवळणारं लिव्हरचं पत्र्याचं कडं. २५ किलोचं अख्खं पोतं एकात ओतता येतं आणि वर १५ लिटर जागा उरते, म्हणजे मापटं आत फिरतं. झाकणाच्या आतल्या खोबणीत काळी रबरी रिंग असते. सेकंडहँड ड्रम घेताना तीच आधी बाहेर काढून बघा. चपटी झालेली, भेगाळलेली किंवा तुकडा गेलेली असेल तर ड्रम कितीही चकचकीत असो, तो नुसता झाकलेला आहे, बंद नाही.

जुन्या ड्रममध्ये आधी काय होतं ते विकणाऱ्याला विचारा आणि सांगता येत नसेल तर सोडून द्या. बरेचसे ऑलिव्हचे किंवा लोणच्याचे असतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ड्रम रात्रभर भरून ठेवा, धुवा, उन्हात उघडा वाळवा. त्यानंतर झाकण लावून आठवडाभर रिकामा ठेवा. खरी परीक्षा ही: आठवड्याने झाकण काढल्याक्षणी नाक आत घाला. अगदी पुसटसा आंबट वास आला तरी तो मॉल्टसाठी बाद. हवेशीर ठेवलेला ड्रम निर्वास वाटतो, बंद ठेवल्यावरच प्लास्टिकमधला वास बाहेर येतो. मसाले किंवा हिंग ठेवलेले डबे तर कधीच नकोत.

ड्रमची एक अडचण सांगायला हवी. तळाचं मॉल्ट काढायला कमरेत वाकावं लागतं आणि भरलेला ड्रम एकट्याने हलत नाही. आधी जागा ठरवा, मग भरा.

---

ह्यूस्टनकर

आमच्या दमट हवेसाठी विचारतोय. चांदीसारख्या मायलर पिशव्या बादलीत घालून, ऑक्सिजन शोषक टाकून इस्त्रीने सील केलं तर दोन वर्षं निघतील का? आणि पिशवी न घालता नुसत्या बादलीत पुड्या टाकल्या तर?

---

कोठीघर

नुसत्या बादलीत टाकू नका, पैसे वाया जातात. एचडीपीई बाष्पाला चांगलं अडवतं, ऑक्सिजनला तितकं नाही. तो प्लास्टिकच्या भिंतीतून हळूहळू आत झिरपत राहतो आणि काही महिन्यांत पुडी थकते. मायलरमध्ये अॅल्युमिनियमचा थर असतो, तो दोन्ही अडवतो.

पुडीचं माप असं काढा. १९ लिटरची बादली काठोकाठ भरली तरी दाण्यांच्या मधल्या फटींत जवळपास ४० टक्के हवा असते, म्हणजे साडेसात लिटर. त्यातला २१ टक्के ऑक्सिजन म्हणजे सुमारे १६०० घनसेंटिमीटर. म्हणून २००० ची एक पुडी. ३०० ची एक टाकून काहीही साधत नाही. पुड्यांचं पाकीट फोडलं की वीस-तीस मिनिटांत काम उरका, उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घाला. हातात गरम लागायला लागली की पुडी कामाला लागली आहे असं समजा. आणि तिच्या शेजारी सिलिका जेल ठेवू नका. पुडीतल्या लोखंडाच्या भुकटीला गंजायला थोडा ओलावा लागतो, जेल तोच काढून घेतं.

पण महिन्याला ५ किलो काढायचं असेल तर मायलर गैरसोयीचं आहे. सील फोडलं की २००० घनसेंटिमीटरची पुडी वाया. एक मार्ग आहे: ५-५ किलोच्या पिशव्या करा, एका घाण्याला एक.

---

ह्यूस्टनकर

आणि दर वेळी झाकण उघडल्यावर आमची दमट हवा आत शिरते, तिचं काय? झाकण उघडायचीच धास्ती वाटते.

---

विदावाणी (पिट्सबर्ग)

ही धास्ती आकड्यांनी जाईल. २५ अंश तापमानाला पूर्ण ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅम बाष्प असतं. अर्धी रिकामी झालेली १९ लिटरची बादली घ्या: वरची साडेनऊ लिटर मोकळी जागा, अधिक दाण्यांमधली सुमारे चार लिटर, मिळून तेरा-साडेतेरा लिटर हवा. ही सगळीच्या सगळी बदलली असं धरलं तरी एका उघडण्यात ०.३ ग्रॅम पाणी आत जातं. आत मॉल्ट आहे साधारण साडेपाच किलो. त्याचा ओलावा १ टक्क्याने वाढायला ५५ ग्रॅम पाणी लागतं. म्हणजे जवळपास १८० वेळा उघडावं लागेल.

तेव्हा मनमोकळेपणी उघडा, माल काढा, बंद करा. घात होतो तो नीट न बसलेल्या झाकणाने, कारण तिथून चोवीस तास, महिनोन् महिने ओलावा शिरतो. नव्वद टक्के लक्ष गॅस्केटवर द्या.

आतली स्थिती कळायला दहा-बारा डॉलरचा छोटा आर्द्रतामापक मॉल्टवर ठेवा, एक दिवसाने वाचा. मॉल्ट चांगलं असेल तर आकडा २५ च्या आसपास किंवा खाली असतो. ४० च्या वर गेला तर मॉल्ट ७ टक्क्यांच्या पुढे गेलंय आणि झाकण तपासायची वेळ झाली. स्वस्त मापकं खालच्या आकड्यांना चुकतात, म्हणून आधी पडताळा: बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासह छोट्या बंद डब्यात आठ तास ठेवा. तिथे ७५ दिसायला हवेत. ७० दाखवत असेल तर तुमचं मापक पाच अंकांनी मागे आहे.

---

उंबरठा (पुणे)

आमच्याकडे धान्याला एरंडेल तेल चोळतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात, कडुनिंबाचा पाला घालतात, पारदच्या गोळ्या ठेवतात. मॉल्टला हे चालेल का? प्रश्न साठवणीचाच आहे. इथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे घरी घाणा लावण्याचा विषय नाही.

---

रानबार्ली

प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण परदेशातल्या घरांतही आईकडून आलेली सवय म्हणून हे केलं जातं. मॉल्टला यातलं काहीही चालत नाही. त्याचं मूळ एका गोष्टीत आहे: तांदूळ-डाळ आपण धुऊन घेतो, मॉल्ट धूत नाही. ते भरडून थेट गरम पाण्यात जातं आणि त्यावर जे असेल ते सगळं बिअरमध्ये उतरतं.

एरंडेल: तेलाचा अंश फेसाचा शत्रू. बिअर फसफसेल पण वर फेस टिकणार नाही. शिवाय तेल पुढे खवट होतं. बोरिक पावडर: धुतल्याशिवाय पोटात जाता कामा नये, म्हणून मुळातच बाद. कडुनिंबाचा पाला: ताजा असेल तर स्वतःचा ओलावा मॉल्टला देतो, वाळलेला असेल तर चुरा होऊन मिसळतो आणि कडवटपणा उतरतो, तोही हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) नव्हे. पारदच्या गोळ्यांत पारा असतो आणि हवाबंद डब्यात पाऱ्याची वाफ कोंडून राहते. त्या तर गव्हातूनही काढा. गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्यांचा घरात विचारही करू नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो.

---

सोंडेशिकारी (सॅक्रामेंटो)

किडीचं मी लिहितो. मॉल्टमध्ये तीन पाहुणे मुख्य. सोंडे: दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतात, बाहेरून काही दिसत नाही. टोके आणि त्यांचे चपटे तपकिरी भाऊबंद: यांना फुटका दाणा आणि भुकटी लागते. आणि पाकोळ्या: त्यांच्या अळ्या जाळी करतात, दाणे जाळीत लोंबकळताना दिसले की समजावं. या पाकोळीचं इंग्रजी नाव 'इंडियन मील मॉथ' असल्यामुळे ती आपल्या देशातून आली असा समज होतो. ते नाव १८५६ मध्ये न्यूयॉर्कचे कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांनी दिलं, आणि 'इंडियन मील' म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत मक्याचं पीठ.

कोरडेपणा इथेही कामाला येतो. धान्यातला ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली असला की सोंड्यांची वीण जवळपास थांबते. टोके मात्र कोरड्या भुकटीतही वाढतात. म्हणून बादली संपली की तळाची भुकटी झटकून, पुसून, वाळवूनच नवीन माल ओता. जुन्या चार मुठींवर नवं पोतं ओतणं हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे.

हवाबंद डबा बाहेरची कीड आत येऊ देत नाही, पण दुकानातून अंड्यांसह आलेली कीड आतच ठेवतो. सुटं मॉल्ट उघड्या पिंपातून मोजून देणाऱ्या दुकानाचा माल असेल तर आधी फ्रीजरमध्ये घाला. ५ किलोच्या पिशव्या, उणे १८ अंश, पूर्ण आठवडा. चार दिवस पुरतात असं म्हणतात, पण ते दाणा गार झाल्यापासूनचे चार दिवस. दाण्यांमधली हवा थंडी आत जाऊ देत नाही, पिशवीचं पोट गार व्हायलाच दोन-तीन दिवस जातात. २५ किलोचं अख्खं पोतं फ्रीजरमध्ये कोंबून उपयोग होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किमान एक दिवस. गार मॉल्टवर दव धरलं की किडीतून सुटून सादळीत सापडतो.

१५ अंशांखाली यांतली बहुतेक कीड वाढत नाही. तळघर थंड असेल तर निम्मं काम झालं.

ज्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आहे ते डब्यात वायू सोडतात. मॉल्टच्या तळापर्यंत नळी घालून हळू सोडला तर हवा वर ढकलली जाते, पण वायू चांगल्या प्रमाणात दोन आठवडे टिकला तरच कीड मरते. गळक्या झाकणात दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरणाऱ्यांनी १९ लिटरला १५० ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत झाकण नुसतं टेकवून ठेवावं, पाच-सहा तास तरी. १५० ग्रॅममधून ८० लिटरच्या वर वायू निघतो. झाकण आवळलं तर बादली फुटते. बंद तळघरात हे करू नका, वायू जमिनीलगत साचतो.

---

तळघर_१९

खूप उपयोगी. आणखी दोन गोष्टी. पेल एलचं पोतं तीन आठवडे उघडं होतं. ते सादळलंय का हे कसं ओळखू? आणि झाकण हवाबंद बसलंय हे कसं तपासू?

---

कोठीघर

पहिली परीक्षा दातांची. पाच-सहा दाणे एकेक करून पुढच्या दातांनी तोडा. चांगलं मॉल्ट कट्कन तुटतं, आतला गर पांढरा आणि पिठूळ, जिभेवर लगेच गोडसर. सादळलेला दाणा दाताखाली दबतो, मग वाकतो, साल चिवट लागते. पोत्याच्या वरचे आणि हात खोल घालून मधले असे दोन्ही दाणे चावून पाहा. उघड्या पोत्यात वरचा वीतभर थर आधी जातो.

नक्की आकडा हवा तर ओव्हन. ५० ग्रॅम मॉल्ट भरडून पसरट ताटलीत घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. १०५ अंशांवर तीन तास. बाहेर काढून लगेच बंद बरणीत थंड करा, उघड्यावर थंड केलं तर ते परत ओलावा पितं. पुन्हा तोला. सव्वादोन ग्रॅम घटलं तर ओलावा साडेचार टक्के, छान. साडेतीन ग्रॅम घटलं तर सात टक्के, सादळलं. 

नवं पोतं घेताना दुकानदाराकडे लॉट क्रमांकाचं विश्लेषणपत्र मागा, त्यात ओलाव्याचा आकडा असतो. तो लिहून ठेवलात की पुढे तुलना करता येते.

सात टक्क्यांपर्यंतचं मॉल्ट वाचवता येतं. ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर, ५० अंशांवर दोन-तीन तास, मध्ये एकदा हलवून. याहून गरम करू नका, स्टार्चची साखर करणारी विकरं जपायची आहेत. कडकपणा परत येतो, गेलेला सुवास येत नाही. अशा मॉल्टची हलकी पिल्सनर करण्यापेक्षा ते गडद बिअरमध्ये घाला. कुबट वास किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका.

---

विदावाणी

झाकणाची तपासणी: रिकामी बादली झाकण लावून नहाणीच्या टबात उलटी दाबा, झाकण पाण्याखाली राहील अशी. अर्धा मिनिट धरा. बुडबुड्यांची माळ एकाच जागेवरून सुटत असेल तर रिंग तिथे बसलेली नाही, बाहेर काढून तेवढ्याच भागावर ठोका. मधल्या आट्यांतून बुडबुडे येत असतील तर गॅस्केट काढा. दहापैकी आठ वेळा खाली सालीचा एक कण अडकलेला असतो. झाकण लावण्याआधी आटे कोरड्या ब्रशने झटकायची सवय लावा. मोठा डबा टबात मावत नसेल तर आत मोबाइलचा टॉर्च लावून झाकण बंद करा आणि खोलीत अंधार करून कड बघा.

गॅस्केटला स्वयंपाकाचं तेल लावू नये. केगच्या (बिअरच्या पिंपाच्या) रिंगांना लावतात तेच फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, मुगाएवढं, बोटाने पसरून.

---

रानबार्ली

कुत्र्यांच्या खाद्याचे डबे राहिले. व्हिटल्स व्हॉल्टसारख्या डब्यांना तेच आट्याचं झाकण असतं आणि तोंड तिरकं असल्याने मापटं घालणं सोपं. त्यावर लिहिलेले पाउंड कुत्र्याच्या खाद्याचे असतात, मॉल्टचे नव्हेत. खाद्य मॉल्टपेक्षा हलकं असतं, म्हणून मॉल्ट थोडं जास्त मावतं. लिटर विचारा: ४५ च्या वर असेल तर एक पोतं बसतं. नवा घ्या, आधी खाद्य ठेवलेला घेऊ नका.

उंदीर असतील तर प्लास्टिक कुरतडतात. तिथे जस्ताचा पत्रा असलेलं ३१ गॅलनचं पिंप घ्या आणि त्यात बंद पिशव्या किंवा बादल्या ठेवा. नुसत्या पिंपाचं झाकण हवाबंद नसतं. आपल्या घरातली स्टीलची कोठी तशीच: उंदराला पक्की, सादळीला नाही.

---

उंबरठा

मग कोठीत गहू-ज्वारी वर्षभर राहते ती कशी?

---

सोंडेशिकारी

तुमचा गहू आधीच ११-१२ टक्क्यांवर असतो, तो हवेतून फारसा ओलावा ओढत नाही. त्याला धोका किडीचा. त्यासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या पिक्स पिशव्या चांगल्या: आत प्लास्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. आतला किडाच ऑक्सिजन संपवतो आणि गुदमरतो. पण ती एकदा बांधून महिनोन् महिने न उघडण्याची गोष्ट आहे, घाण्याला ५ किलो काढण्याची नव्हे.

---

तळघर_१९

असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. पिल्सनरला साडेसहा गॅलनच्या दोन बादल्या, पेल एलला दोन, चारही आट्याच्या झाकणांच्या. पाचव्या बादलीत क्रिस्टल, म्युनिक, भाजकी बार्ली, ओट वेगवेगळ्या पिशव्यांत. सगळं फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) शेजारच्या भिंतीला, कोब्यावर.

---

कोठीघर

तीन बदल करा.

पाचवी बादली फोडा. भाजकी बार्ली कॉफीसारखी असते, तिचा वास साध्या पिशवीतून बाहेर पडतो आणि शेजारच्या मॉल्टमध्ये मुरतो. तिला रबरी रिंगची काचेची बरणी. धुरी दिलेलं मॉल्ट कधी घेतलंत तर त्यालाही स्वतंत्र डबा, आणि तो डबा आयुष्यभर त्याचाच, गॅस्केटमध्ये मुरलेला धुराचा वास जात नाही. ओटमध्ये चरबी जास्त, ते आधी खवट होतात. किलोभर साठवूच नका, घाण्यापुरते आणा किंवा फ्रीजरमध्ये ठेवा. न मॉल्टलेला गहू कधी आणलात तर तोही मॉल्टच्या बादलीत नको. त्यातलं १२ टक्के पाणी शेजारच्या ४ टक्क्यांच्या मॉल्टकडे सरकतं, झाकण कितीही घट्ट असो.

कोब्यावर थेट ठेवू नका. खालून गार पडलेल्या तळाशी आतला ओलावा जमतो. दोन लाकडी पट्ट्या टाका, भिंतीपासून चार बोटं अंतर, आणि पाणी तापवायच्या टाकीपासून लांब.

आणि फर्मेंटर दुसऱ्या खोलीत हलवा. मॉल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जिवाणू भरपूर असतात. बादली ओतताना, भरडताना ती धूळ हवेत तासभर तरंगते आणि उघड्या वर्टवर बसली की घाणा आंबतो. फर्मेंटर हलत नसेल तर गिरणी आणि बादल्या गॅरेजमध्ये न्या, आणि भरडायचं काम वर्ट थंड करण्याच्या आदल्या दिवशी उरका.

झाकणावर चिकटपट्टी लावून लिहा: मॉल्टचं नाव, लॉट, पोतं फोडल्याची तारीख, विश्लेषणपत्रातला ओलावा. झाकणं एकमेकांना बसतात आणि अदलाबदल होते, म्हणून तीच पट्टी बादलीच्या पोटावरही लावा.